रबरी आवरण, २२ मिमी

वहिनी दोन दिवसांसाठी माहेरी गेल्या, तेव्हा बारक्यानं ठरवलं की त्या परत येईपर्यंत दुकान जरा नीट करून ठेवायचं. (बारक्याच्या आयुष्यातली सगळी संकटं या 'जरा'पासूनच सुरू झालेली आहेत. आठवीच्या परीक्षेत त्यानं बाकावर जरा डोकं टेकवलं होतं. शाळा तिथेच संपली.)

दुकान म्हणजे शटर आणि पाटीवालं दुकान नव्हे. स्वयंपाकघराला लागून एक खोली, तिच्या भिंतींना छतापर्यंत प्लास्टिकचे डबे, मधे एक टेबल आणि टेबलावर पंख्यासारखा आवाज करणारा जुना कॉम्प्युटर. डब्यांत घरातले बारीकसारीक सुटे भाग: खुर्चीच्या पायांची रबरी बुचं, नळाचे वायसर, कपाटाच्या दारांची चुंबकं, भांड्यांच्या झाकणांच्या मुठी. वेबसाइटवर ऑर्डर यायची, फोन 'टिंग' करायचा, वहिनी डबा काढायच्या, बारक्या पार्सल बांधायचा. सहा वर्षांपूर्वी हे दुकान बारक्याच्या दादानं काढलं. चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "छातीत जरा जड वाटतंय." त्या 'जरा'बद्दल घरात कोणी बोलत नाही.

तेव्हापासून बारक्या दादाचेच शर्ट घालतो. दादा पाच फूट चार इंच, बारक्या सहा फूट. (नाव पाळण्यात पडलं, तेव्हा कोणाला अंदाज नव्हता.) बाह्या कोपरापाशीच संपतात, वाकलं की पाठ उघडी पडते. आई बघते आणि मान दुसरीकडे फिरवते.

तर वहिनी माहेरी गेल्या होत्या त्या काही हवापालटाला नव्हे. त्यांचा भाऊ दर रविवारी फोन करायचा. घराच्या भिंती पातळ आणि बारक्याचे कान तिखट, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं त्याला पाठ झालं होतं.

"आता तिथे कोण आहे तुझं? ये इकडे. खोली रिकामीच आहे."

"दुकान चालतंय ना. चालतंय तोवर मी इथेच."

"आणि नाही चाललं तर?"

"मग बघू."

हा 'बघू' ऐकला की बारक्या हिशोब मांडायचा. दुकान बसलं की वहिनी जाणार, आणि वहिनी गेल्या की दादाचं या घरात उरणार काय? आठ शर्ट. तेही आखूड.

म्हणून दुकान जोरात चालायलाच हवं होतं, आणि ते कसं चालवायचं हे सांगणारा एक व्हिडिओ बारक्याला फोनवर सापडला. विषय होता एसईओ, म्हणजे सर्चमध्ये आपलं दुकान वर कसं आणायचं. चाळीस मिनिटांचा होता, बारक्यानं अकरा पाहिली. (उरलेली एकोणतीस आपल्याला उपजतच येत असावीत असा त्याचा समज.) कोट घातलेला एक माणूस सांगत होता की गिऱ्हाईक सर्चमध्ये काहीतरी टाकतं, तेव्हा त्याला सगळ्यात आधी दिसतं ते आपल्या पानाचं टायटल. ते टायटल कसंही असून चालत नाही. इथवर ऐकून बारक्यानं दादाची वेबसाइट उघडली आणि त्याला घामच फुटला.

पानांची टायटलं अशी होती: 'खुर्ची डुगडुगते.' 'नळ बंद केला तरी टिपटिप चालूच.' 'झाकण गरम होतं आणि मूठ तर गळून पडली.' 'कपाटाचं दार आपोआप उघडतं, दचकायला होतं.'

अशी त्रेसष्ट पानं. वस्तूचं नाव कुठेच नाही, नुसती रडगाणी. बारक्याला वाटलं, बिचारा दादा. दहावीपर्यंतच तर शिकला. घाईत जे सुचलं ते लिहिलं असेल, आणि इतकी वर्षं लोक त्यावर हसत असतील. गेलेल्या माणसाची अब्रू धाकट्या भावानं नाही राखायची, तर कोणी राखायची?

दोन दिवस आणि एका बोटानं त्यानं त्रेसष्टच्या त्रेसष्ट पानं पुसून नव्यानं लिहिली. 'खुर्ची डुगडुगते' जाऊन तिथे आलं 'उच्च दर्जाचे रबरी आवरण, २२ मिमी, चारचा संच'. दचकवणाऱ्या कपाटाच्या जागी 'चुंबकीय द्वार-बंधक, मध्यम'. 'द्वार-बंधक' हा शब्द सुचल्यावर त्यानं उठून एक फेरी मारली, इतका तो स्वतःवर खूश झाला. मग ज्या फोनवर दोन दिवस सारखं दुकानच उघडून बघत होता, त्यावर 'रबरी आवरण' शोधून पाहिलं. दुकान पहिल्या नंबरावर. त्यानं दादाच्या फोटोकडे बघून मान हलवली. फोटोतला दादा नेहमीसारखा गप्प होता.

वहिनी परतल्या आणि पहिले काही दिवस काहीच झालं नाही. वेबसाइट बदलली तरी सर्चवाल्यांना ती पुन्हा वाचायला वेळ लागतो. (हे व्हिडिओच्या बाराव्या मिनिटाला होतं.) फोन टिंगटिंग करत राहिला. मग एके दिवशी टिंग जरा कमी झाले. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. त्यानंतरच्या सोमवारी दिवसभरात तीनदा वाजला, त्यातला एक टिंग बॅटरी संपत आल्याचा होता.

वहिनी ऑर्डरच्या यादीत फक्त डब्याचा नंबर बघायच्या. वेबसाइट त्या उघडत नसत. आपल्याच दुकानाची पाटी कोण वाचत बसतं?

"भाऊजी, आज फोन फार शांत आहे."

"लोक गावाला गेले असतील, वहिनी."

"सगळे?"

"हल्ली सगळे एकदमच जातात."

कुरियरवाला दारात यायचा आणि रिकाम्या टेबलाकडे बघायचा. "काय रे बारक्या, आजपण नाही? बरं आहे ना घरात सगळं?" त्याच्या आवाजातली काळजी ऐकून बारक्या घाईनं दार लोटून घ्यायचा. तो दर दहा मिनिटांनी फोनवर दुकान शोधायचा. प्रत्येक वेळी पहिला नंबर. मग गिऱ्हाईक जातंय कुठे?

एकदा दुपारी तो दुकानाच्या खोलीत एकटाच बसला होता. आई आत जरा लवंडली होती, वहिनी बाजारात. मागच्या कपाटाचं दार कर्र करत आपोआप उघडलं. आत दादाचे शर्ट टांगलेले. बारक्या उठला नाही, वळलाही नाही.

"दादा," तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "मी चांगल्यासाठीच केलं रे."

"कोणाशी बोलतोयस?" आतून आईचा आवाज आला.

"कपाटाशी."

"मग विचार त्याला, दार का लागत नाही. डब्यात एवढी चुंबकं पडलीत, घरच्या कपाटाला एक नाही."

बारक्यानं चुंबक लावलं. भीती काही गेली नाही. आता दार उघडत नव्हतं, याचीच त्याला भीती वाटू लागली.

शेवटी तो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला. सलूनवाला दादाचा जुना मित्र. त्यानं बारक्याच्या दोन्ही गालांना फेस लावला, उजवा गाल साफ केला, आणि तेवढ्यात बारक्या म्हणाला, "तुझा फोन काढ. एक शोधून दे."

"दुकानाचं नाव टाकू?"

"नाव नको. गिऱ्हाईक असल्यासारखं टाक. समज, तुझी खुर्ची डुगडुगते."

"माझी नाही डुगडुगत."

"समज म्हटलं ना."

सलूनवाल्यानं वस्तरा बाजूला ठेवून टाइप केलं. मग अंगठ्यानं वर सरकवत राहिला. पहिलं पान, दुसरं पान, पाचवं पान. "नाही बाबा. आधी तर पहिलंच यायचं तुमचं."

"'उच्च दर्जाचे रबरी आवरण' टाक."

"असं कोण शोधतं?"

"तू टाक."

त्यात मोठमोठे कारखाने निघाले, ट्रकभर माल विकणारे. दुकान कुठेच नव्हतं. बारक्यानं घाईघाईनं आपला फोन काढला. "हे बघ. माझ्या फोनवर पहिलं आहे."

"दिवसातून किती वेळा उघडतोस ते?"

"असेल पन्नास वेळा."

"मग त्याला कळलंय की तुला हेच बघायचंय, म्हणून दाखवतो. तो फोन नाही बारक्या, हा असला आरसा आहे." सलूनवाल्यानं समोर बोट दाखवलं. "इथे बसणाऱ्या प्रत्येकाला यात आपणच मोठे दिसतो. बाहेर कुत्रं ओळखत नाही."

बारक्यानं आरशात पाहिलं. अर्धा गाल फेसाचा, डोळे पांढरे. तो तसाच उठला आणि घरी पळाला. आईनं दारात विचारलं, "हे काय तोंड?" तो म्हणाला, "आता असंच ठेवतात."

कॉम्प्युटर उघडून त्यानं जुनं लिखाण परत आणायचा प्रयत्न केला. तेव्हा त्याला कळलं की ते कुठे जपून ठेवलेलंच नाही. आठवायला बसला, तर त्रेसष्टांपैकी पाच टायटलं आठवली. बाकीची गेली. ऑर्डरी गेल्या ते एक. पण दादानं स्वतःच्या डोक्यानं लिहिलेले शब्द, सहा वर्षांचे, त्यानं एका बोटानं पुसून टाकले होते. दादा एकदा मंगळवारी गेला होता. आता बारक्यानं त्याला दुसऱ्यांदा घालवला होता. तो टेबलाखाली बसून रडला. (टेबलाखाली, कारण टेबलावर वहिनींना दिसलं असतं. पाय तरी बाहेर राहिलेच.)

खरं सांगून मोकळा होण्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्यानं वेगळाच उद्योग केला. स्वतःच ऑर्डर दिली. खोटं नाव, पत्ता सलूनचा, पैसे स्वतःच्या खिशातले. फोन टिंग वाजला. वहिनींचा चेहरा उजळला. ते बघून बारक्यानं संध्याकाळपर्यंत आणखी दोन दिल्या.

पहिलं पार्सल पोचलं तेव्हा सलूनवाला ते हातात धरून म्हणाला, "परत?"

"परत म्हणजे?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र सलूनवाल्यानं त्याला बोलावून घेतलं. "बारक्या, माझ्या खुर्च्या एका खांबावर गोल फिरतात. त्यांना पाय नाहीत. मी ही बुचं घालू कुठे? कानात?"

"थोडे दिवस. दुकानाचा प्रश्न आहे."

"दुकान माझं चाललंय. बुचांचं."

रविवारी वहिनींच्या भावाचा फोन आला. बारक्या भिंतीला कान लावून उभा. भाऊ म्हणत होता, "पंधरा दिवसांत ठरव. मग मी गाडी घेऊनच येतो." वहिनींनी या वेळी 'इथेच' म्हटलं नाही. 'बघू'ही म्हटलं नाही. "बरं," म्हणाल्या. बारक्याचे गुडघे असे हलायला लागले की बूच तिथेच बसवावं.

फोन ठेवून वहिनी दुकानाच्या खोलीत आल्या. वहिनी जेवढ्या चिडतात तेवढ्या आदरानं बोलतात.

"भाऊजी, आपण बसता का थोडं?"

'आपण' ऐकलं आणि बारक्याला कळलं, आता सुटका नाही. तो बसला.

"एका सलूननं सहा दिवसांत छप्पन्न बुचं, नऊ वायसर आणि झाकणाच्या चार मुठी मागवल्या. तिथे केस कापतात की पंगत बसते?"

बारक्या डब्यांवरचे नंबर वाचू लागला.

"आणि त्या सोडून दहा दिवसांत एकही ऑर्डर नाही. का नाही?"

मग बारक्यानं सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, अकरा मिनिटं, त्रेसष्ट पानं, आरसा. शेवटी म्हणाला, "मी दादाचं सगळं पुसलं, वहिनी. त्याच्या हातचं होतं. आता तुम्ही जाणार, आणि तो पण गेला."

वहिनींनी वेबसाइट उघडली. एकेक पान मोठ्यानं वाचत गेल्या. "'उच्च दर्जाचे रबरी आवरण, २२ मिमी, चारचा संच'. 'चुंबकीय द्वार-बंधक, मध्यम'." मग त्या थांबल्या. "हे तुम्ही कुठून पाहून लिहिलंत?"

"कुठून नाही. मनानं."

"ह्यांच्या जुन्या कागदांतून?"

"नाही वहिनी, शपथ. मी त्या कागदांना हात नाही लावलेला."

वहिनी उठल्या. वरच्या फळीवरून एक फाइल काढली, तिच्यातला एक पिवळा पडलेला कागद काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. दादाचं अक्षर. उजवीकडे कललेलं, शाई फार दाबलेली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'उच्च दर्जाचे रबरी आवरण, २२ मिमी, चारचा संच'. तोच उच्च दर्जा. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

"दुकान काढलं तेव्हा ह्यांनी असंच लिहिलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तीन महिने एक ऑर्डर आली नाही. मग येऊ लागल्या. मी खूश. नंतर कळलं, सगळ्या एकाच सलूनमधून."

बारक्याला सलूनवाल्याचं 'परत?' आता समजलं.

"मग ते रडगाणं... ते खुर्ची डुगडुगते..."

"ते मी लिहिलं. फोनवर लोक विचारायचे ना, तेव्हा कोणालाच वस्तूचं नाव माहीत नसायचं. रबरी आवरण द्या असं जगात कोणी म्हणत नाही, भाऊजी. माणसाला नाव माहीत नसतं, त्रास माहीत असतो. तो त्रासच सर्चमध्ये टाकतो. म्हणून जसं ते बोलायचे, तसं मी लिहीत गेले. ह्यांना आधी लाज वाटली. लोक हसतील म्हणाले. मग फोन वाजायला लागला, तेव्हा गप्प बसले."

"म्हणजे मी दादाचं नाही पुसलं?"

"नाही. माझं पुसलंत. ह्यांचं परत लिहून ठेवलंत."

बारक्यानं दादाच्या अक्षरावरून बोट फिरवलं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "दोघांना एकाच चमच्यानं भरवलंय मी. वेगळं कुठून निघणार?"

बारक्या दादाच्या शर्टाची बाही खाली ओढत म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं. तुमचं लिहिलेलं होतं ते. विचारायला हवं होतं."

"हवं होतं," वहिनी म्हणाल्या. पण 'आपण' म्हणाल्या नाहीत.

लोकांची बोलणी वहिनींनी एका वहीत उतरवून ठेवली होती. त्या वाचत गेल्या, बारक्या एका बोटानं टाइप करत गेला. मधूनच त्याला एखादा शब्द सुधारावासा वाटायचा. वहिनी नुसतं बघायच्या, की बोट जागेवर यायचं. दोन दिवसांत त्रेसष्ट पानं पुन्हा कुरकुरायला लागली.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. एक दिवस, तीन दिवस, आठ दिवस. फोन टेबलावर मेल्यासारखा पडलेला. वहिनींच्या भावाचे पंधरा दिवस संपत आले. वहिनींनी माळ्यावरची सुटकेस खाली काढून पुसली. कशासाठी ते कोणी विचारलं नाही. बारक्याचं जेवण तुटलं. तो भात चिवडत बसायचा आणि फोनकडे बघायचा, पण स्वतः दुकान शोधायचा नाही. आरशाची भीती बसली होती.

अकराव्या दिवशी दुपारी जेवताना फोन वाजला. टिंग.

तिघांचे हात ताटावर थांबले. वहिनींनी बारक्याकडे पाहिलं. बारक्यानं दोन्ही हात वर केले. मग उष्ट्या हातानंच सलूनवाल्याला फोन लावला.

"तू ऑर्डर दिलीस?"

"मला वेड लागलंय? छप्पन्न पडलीत इथे. गिऱ्हाइकाला दाढीवर एक फुकट देतोय."

वहिनींनी पत्ता वाचला. लांबचा होता, अनोळखी होता, डबा नंबर बारा, खुर्ची डुगडुगते. ताटं वाढलेलीच राहिली, तिघंही डबा नंबर बाराकडे गेले. संध्याकाळपर्यंत आणखी दोन टिंग झाले.

रविवारी भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "गाडी नको आणूस. येणारच असशील तर जेवायला ये." बारक्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

आता दुकान पूर्वीसारखं चालतंय. वेबसाइटला वहिनींनी पासवर्ड लावला आहे आणि तो बारक्याला सांगितलेला नाही. (बारक्यानं तो ओळखायचा प्रयत्न केला. दहाव्या प्रयत्नाला कॉम्प्युटरच बंद पडला.) मागच्या महिन्यात त्यांनी एक नवी वस्तू आणली: ड्रॉवरला लावायचं छोटं कुलूप. पहिलं दुकानाच्याच टेबलाच्या ड्रॉवरला लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. पान स्वतः लिहिलं. टायटल दिलं, 'घरातलं एक माणूस दिसेल त्याला हात लावतं'.

हे पान कोणाच्याही फोनवर पहिलं येतं. बारक्यानं बारा जणांच्या फोनवर पाहिलं. दिवसाला तीस-तीस कुलपं जातात, आणि ती सगळी बारक्यालाच बांधावी लागतात. परवा त्या पानावर एका गिऱ्हाइकानं प्रश्न विचारला: 'मोठ्या माणसालाही उघडत नाही ना?'

खाली वहिनींचं उत्तर होतं: 'आमच्याकडे एक आहे, सहा फुटांचं. तीन आठवड्यांपासून प्रयत्न करतंय.'

बारक्यानं ते दोनदा वाचलं. मग तो मुकाट्यानं वहिनी बाजारातून यायची वाट बघत बसला. पार्सलची चिकटपट्टी त्याच ड्रॉवरमध्ये होती.